मदत हवी आहे : क्रोदिनोसारखे कडवट, मद्यविरहित पेय

इटलीत जेवणाआधी भूक चाळवण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या कडवट पेयांपैकी, पिएमोंतेतील क्रोदो गावावरून नाव पडलेले आणि १९६५ पासून छोट्या बाटल्यांत मिळणारे नारिंगी, मद्यविरहित क्रोदिनो मला फार आवडते; मात्र त्यातील साखर जरा जास्तच वाटते. सानबित्तेर हे तशाच प्रकारचे लालभडक इटालियन पेय त्याहून कमी गोड असते का, हे इटलीत राहणाऱ्या सदस्यांनी कृपया सांगावे. तसेच, अशा पेयांत कडवटपणासाठी बहुधा जेन्शन या कडू वनस्पतीचे मूळ वापरतात, तर त्याच कुळातील आपले काडेचिराईत (चव भलतीच उग्र, हे मान्य) संत्र्याच्या सालीबरोबर पाण्यात उकळून, गाळून, सोड्यात मिसळल्यास जवळपास तशी चव साधेल का? कोणी करून पाहिले असल्यास प्रमाण आणि उकळण्याचा वेळ कळवावा.