रोज वापरायला चावीचं जुनं घड्याळ: जनता घ्यावं की स्विस नावाचं?

ऐरोलीकर

नमस्कार. मी राहते कळव्याला, शिकवते ऐरोलीच्या एका शाळेत. परीक्षेच्या वेळी वर्गात मोबाईल नेता येत नाही, आणि आमच्या वर्गातलं भिंतीवरचं घड्याळ दिवाळीपासून पावणेचारवर थांबलंय. मुलं सारखी विचारतात, "बाई, किती वेळ राहिला?" त्यामुळे मनगटी घड्याळ हवंच आहे. सेलचं कुठेही मिळेल. पण माझ्या आजोबांचं चावीचं घड्याळ होतं, रात्री ते उशाखाली ठेवायचे आणि मी त्यांच्या शेजारी टिकटिक ऐकत झोपायचे. ते आता घरात राहिलं नाही. तसंच हवंय, पण कपाटात ठेवायला नाही, रोज घालायला.

बजेट ४,०००, फार तर ४,५००. ऑनलाइन दोन पाहिली आहेत. एक स्विस नावाचं, नारिंगी डायल, अगदी नव्यासारखं चकचकीत, १,९०० ला. दुसरं एचएमटी जनता, डायल पिवळट पडलेली, २,६०० ला. घरचे म्हणतात, नवंकोरं दिसतंय आणि स्वस्तही आहे तर तेच घे. माझं मन जनताकडे ओढतंय. मनगट बारीक आहे, पण बायकांची ती इवलीशी घड्याळं नकोत, आकडे दिसले पाहिजेत. पावसात लोकलचा रोजचा प्रवास, त्याचीही धास्ती आहे. जाणकारांनी सांगावं.

टूलरूम

ताई, नारिंगीचा विचार सोडून द्या. का ते सांगतो, कारण मी स्वतः त्यात पोळलोय.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात मी टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली. आमची लेथ (धातू कातायचं यंत्र) एचएमटीची, म्हणजे सरकारी हिंदुस्तान मशीन टूल्सची, आणि माझ्या हातातलं घड्याळही एचएमटीचं, १९८१ च्या बोनसमधून घेतलेलं जनता. निवृत्त झाल्यावर हौस आली की आपल्याकडेही एक स्विस असावं. ऑनलाइन एक निळ्या डायलचं घेतलं, इतकं देखणं की बायकोनंही हातात घेऊन पाहिलं. तीन महिने चाललं. जुलैत एके दिवशी बघतो तर १२ चा आकडा किंचित उजवीकडे कललेला, आणि मिनिटकाटा दर तासाला एकाच जागी अडखळतोय. नौपाड्यातल्या माझ्या घड्याळजींकडे नेलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण काढलं, मशीन बाहेर घेतलं आणि डायल नुसत्या नखानं उचलली. उचलली म्हणजे सुटूनच आली. डायलच्या मागे दोन बारीक पाय असतात, ते मशीनच्या भोकांत बसतात आणि बाजूच्या स्क्रूंनी आवळतात. या डायलचे पाय कापलेले होते आणि ती डिंकासारख्या कशानं तरी चिकटवलेली होती. घामानं आणि उकाड्यानं डिंक मऊ झाला आणि डायल सरकली. खालचं मशीन दोन घड्याळांचं जोडलेलं, एका चाकाला गंज. निळा रंग नवा मारलेला, त्यावर स्विस नाव नव्यानं छापलेलं.

नारिंगी, पोपटी, भडक निळी, पन्नास वर्षं जुनी असूनही आरशासारखी, आणि दोन हजारांच्या आत, असं दिसलं की मी आता पुढे बघतच नाही. खरी जुनी स्विस घड्याळं वाईट असतात असं मुळीच नाही. फेवरलुबा, वेस्ट एंड, रोमर, कॅमी ही आपल्या आजोबा-वडिलांच्या मनगटावरची नावं, आणि अस्सल तुकडा मिळाला तर फार छान. पण त्याला पारख लागते आणि सुटे भाग शोधत हिंडावं लागतं.

जनताचं तसं नाही. एचएमटीनं १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्यानं बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. जनतामधलं ०२३१ हे मशीन त्याच घराण्यातलं. १७ ज्वेल (चाकांची टोकं झिजू नयेत म्हणून बसवलेले कृत्रिम माणकाचे खडे), तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. कानाशी धरलंत तर तुमच्या आजोबांच्या उशाखालचा तोच आवाज ऐकू येईल. हे मशीन वर्षानुवर्षं बनलं, जनता, पायलट अशा कितीतरी मॉडेलांत बसलं. २०१६ मध्ये सरकारनं घड्याळांची कंपनी बंद करायचा निर्णय घेतला, तरी आजही जुन्या घड्याळजींच्या डबीत त्याचा बॅलन्स (टिकटिकीसोबत मागेपुढे फिरणारं चाक), कमान (चावीनं पिळली जाणारी स्प्रिंग), चावीचा दांडा काही ना काही सापडतं. रोज वापरायचं म्हणजे कधीतरी बिघडणारच, तेव्हा हे सगळ्यात मोठं सुख आहे.

आणि हो, घड्याळाआधी घड्याळजी शोधा. ठाणे स्टेशनच्या आसपासच्या गल्ल्यांत अजून काही आहेत, कुणी जिन्याखाली, कुणी झेरॉक्सच्या दुकानातल्या अर्ध्या टेबलावर. जाऊन एवढंच विचारा, "चावीच्या घड्याळाचं ऑइलिंग करता का, पूर्ण खोलून?" जो म्हणेल "द्या, वरून तेल सोडतो" तिथून निघा. जुन्या वाळलेल्या तेलावर नवं तेल म्हणजे चिखल. सगळे भाग सुटे करून, धुऊन, मग टाचणीच्या टोकाएवढं तेल जागच्या जागी, असं करणारा माणूस हवा. त्याच्यासाठी ४,५०० मधले हजारभर रुपये बाजूला ठेवा. विकणारा "सर्व्हिस केलेलं आहे" म्हणाला तरी ठेवा.

त्या २,६०० वाल्याकडे मागचं झाकण उघडून मशीनचा फोटो मागा आणि चालत्या घड्याळाचा व्हिडिओ मागा. डायलवरची अक्षरं मोठी करून पाहा. मूळ छपाईच्या कडा स्वच्छ असतात, रंगवलेल्या डायलवर त्या पसरतात आणि मिनिटांच्या रेघा काठाला तिरक्या होतात. डायल पिवळट असणं हे वय आहे, त्याचं दुखणं नाही. काट्यांच्या मुळाशी तपकिरी ठिपके असतील तर मात्र आत पाणी गेलेलं आहे, घेऊ नका. जनता साधारण ३५ मिलिमीटरचं असतं, बारीक मनगटावरही शोभून दिसतं. माझी सून माझं घालते कधीकधी.

घोडबंदर

काकांशी सहमत, पण रोज चावी द्यायची कटकट कशाला? जुनं ऑटोमॅटिक बघा ना. सेइको ५ किंवा एचएमटी कांचन. हातात असलं की आपोआप चावी भरते, वार-तारीख पण दिसते. माझं सेइको ५, आत ७००९ मशीन असलेलं, सहा वर्षं ऑफिसला घालतोय, तक्रार नाही.

टूलरूम

दादा, तुमचं चांगलं चाललंय याचा आनंद आहे. पण ७००९ ला हातानं चावी देता येत नाही. बाईंनी मे महिन्याच्या सुट्टीत आठ दिवस काढून ठेवलं की ते थांबणार, मग हलवत बसा, वेळ लावा, वार-तारीख लावा. शिवाय वार-तारखेची चाकं म्हणजे बिघडायला आणखी जागा. रात्री नऊ ते पहाटे दोन-तीनच्या दरम्यान तारीख झटकन बदलायला गेलं तर दाते तुटतात, हे किती जणांना माहीत असतं? पहिलं जुनं घड्याळ साधंच असावं. सकाळी चहा उकळेपर्यंत चावी देऊन होते.

तेवढं एक लक्षात ठेवा ताई: चावी देताना घड्याळ हातातून काढा. मनगटावर असताना दिली की बोटं तिरकी पडतात आणि दांडा वाकतो. अडलं की थांबायचं, आणखी एक पीळ द्यायचा नाही.

पावसाळी

मी कोपरखैरण्याहून रोज जाते-येते, माझ्याकडेही एचएमटीच आहे. जून ते सप्टेंबर चामड्याचा पट्टा नको, आठवड्यात वास येतो आणि मनगटाला पुरळ उठतं. नायलॉनचा एकसंध पट्टा घ्या, जो घड्याळाच्या खालून जातो. एक पिन निसटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनवर लटकून राहतं. माझं गर्दीत तसंच वाचलं. माप मात्र पट्टीनं मोजून घ्या, माझ्याला १८ मिलिमीटरचा बसला.

मुसळधार असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डब्याच्या शेजारी. काचेला आतून वाफ धरली तर त्याच दिवशी घड्याळजींकडे न्यायचं, उद्यावर टाकायचं नाही. काच अॅक्रिलिकची असते, दरवाजाच्या दांड्याला घासली की ओरखडे पडतात. पांढरी टूथपेस्ट आणि मऊ फडकं घेऊन पाच मिनिटं घासलं की बारीक ओरखडे जातात. आणखी एक, मोबाईलच्या चुंबकवाल्या कव्हरवर ठेवू नका. माझं अचानक दिवसाला दहा-बारा मिनिटं पुढे पळायला लागलं होतं. घड्याळजींनी चुंबक उतरवायच्या यंत्रावर धरलं, दोन मिनिटांत ठीक.

ऐरोलीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. जनता घेतलं. मशीनचा फोटो मागितल्यावर त्यानं लगेच पाठवला, नारिंगीवाल्यानं मात्र उत्तरच दिलं नाही. २,६०० चे २,४०० झाले. काका, तुम्ही सांगितलेला प्रश्न तीन ठिकाणी विचारला. तिसऱ्या ठिकाणच्या आजोबांनी उत्तर देण्याऐवजी समोरचं खोललेलं घड्याळच दाखवलं, काचेच्या वाटीत चाकं बुडवलेली होती. त्यांच्याकडेच दिलं, ७०० घेतले, चार दिवस ठेवून घेतलं. डायलवर देवनागरीत "जनता" लिहिलंय ते इतकं सुंदर दिसतं की कालपासून मी सारखी वेळ बघतेय.

काल पर्यवेक्षण होतं. वर्ग इतका शांत होता की टेबलावर हात ठेवला तेव्हा टिकटिक मला ऐकू येत होती.

एकच शंका. दिवसाला चाळीसेक सेकंद पुढे जातंय. परत नेऊ का?

टूलरूम

आत्ताच नको. ऑइलिंगनंतर आठ-दहा दिवस बसू द्या. रोज सकाळी एकाच वेळी चावी द्या आणि मोबाईलशी ताडून किती सेकंदांचा फरक पडला ते वहीत लिहा. रात्री काढून कसं ठेवता, डायल वर करून की कडेवर उभं, तेही लिहा, त्यानं फरक पडतो. तो कागद त्या आजोबांना नेऊन द्या. आत बॅलन्सजवळ एक छोटी दांडी असते, ती केसभर सरकवली की झालं. आकडे हातात असले की त्यांना अंदाज घ्यावा लागत नाही.