भूकंपाच्या क्षेत्रात जायचे तर मास्टर्स कशात करावे?

पायथा:
सिव्हिल झालेल्या मुलांनी हा प्रश्न विचारला की 'भूकंप अभियांत्रिकी घे' असे उत्तर ठरलेले असते. मला ते पटत नाही. दोन वर्षे स्ट्रक्चरल डायनॅमिक्स (हादऱ्यात इमारत कशी हलते त्याचे गणित) घोटलेल्या कित्येकांपुढे बोअरहोलचा कोअर (जमिनीत छिद्र पाडून काढलेला खडकाचा दंडगोल) ठेवला, तर खडकातल्या साध्या भेगा म्हणजे सांधे आणि भ्रंशाने चुरडलेला पट्टा वेगळे ओळखता येत नाहीत. आणि जमीन किती महत्त्वाची ते मेक्सिकोत दिसले: १९८५ च्या भूकंपाचे केंद्र मेक्सिको सिटीपासून साडेतीनशे किलोमीटरहून लांब होते. तरीही इमारती कोसळल्या त्या मुख्यतः जुन्या तळ्याच्या मऊ गाळावरच्या. तो गाळ सुमारे दोन सेकंदांच्या आवर्तनकालाने डोलला आणि त्याच्याशी जुळणाऱ्या मध्यम उंचीच्या इमारती तडाख्यात सापडल्या. खडकाळ भागात नुकसान फार कमी होते. म्हणून अभियांत्रिकी भूशास्त्र घ्या आणि डायनॅमिक्सचे एकदोन विषय त्याला जोडा.

बीमकॉलम:
साफ असहमत. गाळाने हादरा वाढवला, मान्य. पण माणसे दगावली ती स्लॅबखाली. त्याच गाळावर १९५६ मध्ये पूर्ण झालेला ४४ मजली टोरे लातिनोअमेरिकाना हा टॉवर १९५७ आणि १९८५ असे दोन्ही भूकंप झेलून उभा आहे. जमीन बदलता येत नाही, डिझाइन बदलता येते. जुन्या इमारतींच्या रेट्रोफिटिंगचे (मजबुतीकरणाचे) काम तर संपणारच नाही, आणि त्यासाठी लागतो डक्टाइल डिटेलिंग (काँक्रीट एकदम न तुटता वाकेल अशी सळयांची मांडणी) कळणारा माणूस.

पायथा:
उदाहरण तुम्हीच दिलेत. त्या टॉवरचे काम अभियंते लिओनार्दो झेवार्ट यांचे. त्यांनी आधी तिथली माती तपासली, खालच्या घट्ट थरापर्यंत पाइल (पायाचे खोल खांब) नेल्या.

बीमकॉलम:
आणि भूकंपाच्या डिझाइनला सल्लागार होते भूकंप अभियांत्रिकीतले नेथन न्यूमार्क. आपापल्या विषयात मुरलेली दोन माणसे एकत्र आली म्हणून ते जमले. तुम्ही सुचवता तो 'एकदोन विषय जोडलेला' विद्यार्थी या दोघांपैकी कोणाच्या जागी बसेल?

भ्रंशरेषा:
मी भूशास्त्राकडून आले, बोगद्यांवर काम करते. बीमकॉलम, १९६३ चे इटलीतले वायोंत धरण आठवा. २६२ मीटर उंचीचे ते धरण जवळपास शाबूत राहिले, पण शेजारचा डोंगर जलाशयात घसरला आणि धरणावरून गेलेल्या पाण्याने सुमारे दोन हजार जीव घेतले. तिथे भूकंप नव्हता, काँक्रीटही कमी पडले नाही. डोंगर नीट वाचला गेला नाही.

पण पायथा, तुमचा सल्ला मला धोक्याचा वाटतो. आमच्याकडची कामे प्रकल्पांबरोबर येतात आणि जातात. धरण किंवा बोगदा संपला की पुढच्या साइटपर्यंत थांबायचे, घरापासून लांब राहायचे. हे आवडणाऱ्यानेच इकडे यावे. शिवाय गणिताला घाबरून भूशास्त्र घेणाऱ्याला साइट रिस्पॉन्स विश्लेषणात (त्या जागेची माती हादरा किती बदलेल ते काढताना) ते गणित गाठतेच. वरच्या ३० मीटरमधला शीअर वेव्हचा (जमीन आडवी हलवणाऱ्या लहरीचा) वेग मोजून आकडा कळवणे पुरेसे नसते, त्यावरून स्पेक्ट्रम (कोणत्या आवर्तनकालाच्या इमारतीला किती हादरा बसेल त्याचा आलेख) कसा बदलेल हेही सांगावे लागते.

पायथा:
प्रकल्पांचा मुद्दा मान्य. पण धोका-मूल्यांकन, विमा कंपन्यांची आपत्ती-मॉडेल, अणुप्रकल्पांच्या जागांचा भ्रंश-अभ्यास ही कामे एका प्रकल्पावर अडत नाहीत.

बीमकॉलम:
त्यातल्या बऱ्याच जागांना पीएचडी मागतात, हेही त्या मुलांना आत्ताच सांगा. मास्टर्सनंतर लगेच कमवायचे असेल तर माझे उत्तर बदलत नाही: स्ट्रक्चरल किंवा भूकंप अभियांत्रिकी घ्या, आणि थिसिस माती-रचना आंतरक्रियेवर (माती आणि इमारत हादऱ्यात एकमेकांवर कसा परिणाम करतात यावर) करा.

भ्रंशरेषा:
थिसिसबद्दल सहमत. फक्त त्यातला मातीचा डेटा दुसऱ्याच्या तक्त्यातून उचलू नका, बोअरहोलपाशी स्वतः उभे राहा.