फ्लाइट सिमसाठी योक आणि थ्रॉटल: कुठला घ्यावा?

ढगांपल्याड

नमस्कार मंडळी, योक (विमानाचं हाताने फिरवायचं स्टिअरिंग) आणि थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमीजास्त करणारा दांडा) घ्यायचं नक्की केलंय, सल्ला हवा आहे. पीसीवर मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ आणि एक्स-प्लेन १२ आहेत. सध्या ट्विस्टवाली जॉयस्टिक वापरात आहे. विमानं म्हणाल तर मुख्यतः सेस्ना १७२, पुढे दोन इंजिनांचं बॅरन ५८ आणि अधूनमधून ए३२०.

लॉजिटेकचा योक आणि हनीकोंब अल्फा यांत नेमका फरक काय? तीन लिव्हरचा क्वाड्रंट (इंजिनाच्या दांड्यांचा संच) पुरेल की सहाचा लागेल? टेबल १८ मिमी प्लायचं आहे, खाली कीबोर्डचा सरकता ट्रे आहे. क्लॅम्प बसेल का?

आडवा वारा

योकआधी रडरचं ठरवा; रडर म्हणजे शेपटीवरचं, नाक डावी-उजवीकडे वळवणारं पातं. जॉयस्टिकला ट्विस्ट असतो, म्हणजे दांडा पिळून रडर देता येतो; बहुतेक योकना तो नसतो. अल्फा किंवा लॉजिटेक लावला की रडरचा अ‍ॅक्सिसच (सिमला पोचणारी वेगळी हालचाल) हातून जातो. मग एक तर पायाने दाबायची पेडल घ्यायची किंवा ऑटो-रडर (सिमनेच रडर सांभाळणं) चालू ठेवायचा. ऑटो-रडरवर आडव्या वाऱ्यातलं लँडिंग शिकता येत नाही, कारण तिथे एलेरॉन (पंखांवरची, विमान कलवणारी पाती) एकीकडे आणि रडर दुसरीकडे द्यावा लागतो. टर्टल बीचच्या व्हेलॉसिटीवन फ्लाइटमध्ये योकवरच रडरसाठी बोटांनी दाबायची सोय आहे. त्यावर काम भागतं, पण ती पेडलची जागा घेत नाही. पैसे एकदम घालायचे नसतील तर आधी पेडल आणि जुनी जॉयस्टिक, योक नंतर, हा क्रम मला योग्य वाटतो.

दुसरं, जॉयस्टिक विकू नका. ए३२० ला योक नसतो, बाजूला जॉयस्टिकसारखी साइडस्टिक असते.

ट्रिमचाक

लॉजिटेक विरुद्ध अल्फा याबद्दल. लॉजिटेकचा योक म्हणजे जुना साइटेकचाच. तो साधारण ९० अंश फिरतो, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना ४५. अल्फा एकूण १८० अंश फिरतो. तेवढाच एलेरॉन दुप्पट फिरवण्यावर वाटला जातो, त्यामुळे हात बारीक चालतो.

पण माझ्या मते खरा फरक मध्याजवळ आहे. लॉजिटेकमध्ये मधोमध एक खाच जाणवते आणि पुढे-मागे करताना दांडा किंचित अडकतो. हाताचा दाब वाढवत न्यावा तर आधी काहीच होत नाही आणि मग एकदम सुटतो. फ्लेअरच्या (उतरताना शेवटी नाक उचलण्याच्या) वेळी, चाकं धावपट्टीपासून हातभर वर असताना, तुम्हाला नाक केसभर उचलायचं असतं. तिथे हा झटका विमान फुगवतो, म्हणजे पुन्हा वर उचलतो.

ट्रिम करतानाही (योकवर सतत धरावा लागणारा दाब छोट्या चाकाने काढून टाकताना) हेच नडतं. खऱ्या विमानात ट्रिम फिरवलं की हातावरचा भार उतरतो आणि योक आहे तिथेच राहतो. स्प्रिंगचा योक मात्र सोडला की मध्यावर येणारच. म्हणून सिममध्ये योक धरून ठेवायचा, ट्रिम थोडं थोडं फिरवत दाब कमी करत न्यायचा आणि योक मध्यावर आला की हात काढायचा. मध्यातच खाच असेल तर शेवटचे चार-पाच मिलिमीटर हाती लागत नाहीत आणि नाक वरखाली डोलत राहतं.

हातात आला की अशी तपासणी करा. विंडोजच्या रन खिडकीत जॉय डॉट सीपीएल (joy.cpl) टाइप करा, योक निवडून प्रॉपर्टीज उघडा. योक थोडा ओढून सावकाश सोडा, खूण कुठे थांबते ते बघा. मग पुढे ढकलून तसंच सोडा. दोन्ही वेळा खूण एकाच जागी आली तर उत्तम. वेगवेगळ्या जागी थांबली तर दांड्यात घर्षण आहे. त्या दोन जागांमधल्या अंतराएवढाच डेड झोन (मध्याजवळची, सिमने दुर्लक्ष करायची जागा) द्या, त्याहून जास्त नको.

पट्टी२७

थ्रॉटलचं उत्तर लिव्हर मोजून मिळतं.

सेस्ना १७२ एसला दोन पुरतात: थ्रॉटल आणि मिक्स्चर (इंधन-हवेचं प्रमाण). जुन्या कार्ब्युरेटरच्या १७२ ला कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा) आणखी एक. बॅरनला दोन थ्रॉटल, दोन प्रॉप (पंख्याचा वेग ठरवणारे), दोन मिक्स्चर असे सहा. एका लिव्हरवर दोन्ही इंजिनं बांधता येतात, पण मग एक इंजिन बंद पडल्याचा सरावच होत नाही, आणि बॅरन उडवायचं ते बरचसं त्याच सरावासाठी.

लॉजिटेकच्या योकसोबत तीन लिव्हरचा क्वाड्रंट येतो. दुसरा वेगळा घेऊन शेजारी जोडला की सहा होतात. एक गोष्ट लक्षात ठेवा: सोबत येणाऱ्या क्वाड्रंटला गोल पीएस/२ पिन असते आणि ती योकमध्येच जाते. योक बदलला तर तो क्वाड्रंट थेट पीसीला लागत नाही. कीबोर्ड-माउसचं नेहमीचं पीएस/२ ते यूएसबी कन्व्हर्टर इथे चालत नाही. स्वतंत्र विकत मिळणाऱ्या क्वाड्रंटला यूएसबी असतं.

हनीकोंबच्याच ब्राव्हो या क्वाड्रंटमध्ये सहा अ‍ॅक्सिस आहेत, मुठी बदलता येतात, शिवाय ट्रिम व्हील, गिअर, फ्लॅप्स आणि ऑटोपायलटची बटणं. तुमच्या विमानांना ब्राव्होच बसतो. फक्त ए३२० ची अडचण राहते. थ्रस्टमास्टरच्या एअरबस क्वाड्रंटला सीएल (चढताना), फ्लेक्स (कमी ताकदीचं उड्डाण) आणि टोगाच्या (पूर्ण ताकद) खाचा हाताला लागतात, ब्राव्होला त्या नाहीत. फ्लायबायवायरने सिमसाठी बनवलेलं ए३२० म्हणजे ए३२एनएक्स वापरत असाल तर त्याच्या फ्लायपॅडमध्ये (कॉकपिटमधल्या टॅब्लेटमध्ये) थ्रॉटल कॅलिब्रेशनचं पान आहे. तिथे प्रत्येक खाचेसाठी लिव्हरची जागा नोंदवा आणि ब्राव्होच्या कडेला त्या जागी बारीक टेप चिकटवा. ए३२० साठी तेवढं पुरतं.

ढगांपल्याड

मनापासून आभार. अल्फा आणि ब्राव्हो असं ठरतंय, पेडल आधी. ब्राव्होबद्दल दोन तक्रारी वाचल्या: लिव्हर तळाला असूनही इंजिन अर्ध्या ताकदीवर चालतं, आणि आकडा आपोआप थरथरतो. दोन्हीला उपाय आहे का?

पट्टी२७

आहे. पहिली तक्रार सेटिंगची. कंट्रोल्समध्ये थ्रॉटलसाठी मिळत्याजुळत्या नावांच्या दोन ओळी असतात, एकीच्या नावात ० ते १०० टक्के असतं. एका ओळीवर लिव्हरचा अर्धा प्रवास वाया जात असेल तर ती काढून दुसरी लावा. उलटं चालत असेल तर रिव्हर्स अ‍ॅक्सिसची खूण करा. तोच अ‍ॅक्सिस जॉयस्टिकवरही बांधलेला राहिला असेल तर दोन उपकरणं भांडतात आणि आकडा उड्या मारतो. जॉयस्टिकच्या प्रोफाइलमधून तो काढून टाका.

तळच्या खाचेखाली लिव्हर ओढला की तिथे अ‍ॅक्सिस नसतो, बटण दाबलं जातं. ते रिव्हर्स थ्रस्टला (उतरल्यावर उलटा जोर देऊन वेग कमी करण्याला) आपणच बांधायचं. कॅलिब्रेशन करतानाही लिव्हर खाचेपर्यंतच आणा. सिम २०२४ मध्ये विमानागणिक वेगळं प्रोफाइल ठेवता येतं; बॅरन आणि ए३२० ची वेगळी करा, नाहीतर दर वेळी सहा लिव्हर पुन्हा बांधत बसाल.

ट्रिमचाक

थरथर पोटेन्शिओमीटरची, म्हणजे लिव्हरची जागा मोजणाऱ्या भागाची. त्यात धातूचा स्पर्शक कार्बनच्या पट्टीवर घासत जातो. धूळ बसली की संपर्क तुटक होतो. हॉल सेन्सरमध्ये चुंबक आणि सेन्सर एकमेकांना शिवत नाहीत, त्यामुळे ही झीज नसते. आधी लिव्हर या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा पूर्ण फिरवा. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. नाहीच गेली तर यूएसबी काढून, प्लास्टिकला चालणारा आणि मागे काही न ठेवणारा कॉन्टॅक्ट क्लीनर थोडासा मारा आणि पूर्ण वाळू द्या. गंज सोडवायचं घरगुती तेल मारू नका. ते धूळ धरून ठेवतं. डेड झोन इथे कामाचा नाही. तो मध्य झाकतो, थ्रॉटलची थरथर मात्र प्रवासात कुठेही येते.

सेन्सिटिव्हिटी (हालचालीला सिम किती तीव्र प्रतिसाद देतो ते): १८० अंशांच्या योकला शून्यावर, म्हणजे सरळ रेषेत ठेवा. जॉयस्टिकला उणे २० ते उणे ३० द्या, तिचा प्रवास लहान असतो. उडताना उपकरण मधेच गायब होत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्याची खूण काढा. योक, ब्राव्हो आणि पेडल एकाच हबवर असतील तर हबला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर हवा.

आडवा वारा

क्लॅम्पचं राहिलंच. १८ मिमी प्लाय ठीक आहे, अडचण ट्रेची. ट्रे आत ढकलून, कीबोर्ड त्यावर ठेवून, टेबलाच्या खालच्या बाजूपासून कीबोर्डपर्यंतचं अंतर मोजा. क्लॅम्पचा खालचा जबडा आणि पिळायचा स्क्रू तेवढ्यात मावला पाहिजे. मावत नसेल तर टेबलाच्या पुढच्या कडेवर एक जाड प्लायची फळी घ्या, ट्रेच्या रुळांच्या बाहेर पडेल इतकी रुंद. ती दोन जी-क्लॅम्पनी टेबलाला पक्की करा. मधला भाग टेबलाच्या पुढे इतका काढा की योकचा क्लॅम्प नुसत्या फळीला धरेल. फळी आणि टेबलामध्ये रबराची पट्टी घाला, नाहीतर योक जोरात ओढला की सगळं पुढे सरकतं.

आणि योक पूर्ण ओढला की दांडा छातीकडे येतो, तेवढी जागा सोडून खुर्ची लावा.