पार्किन्सन्समध्ये उठताना येणारी चक्कर : घरच्या व्यवस्थेबाबत मदत हवी आहे

नमस्कार.

माझे वडील ७४ वर्षांचे असून त्यांना पार्किन्सन्स आहे. ते आईसोबत चिपळूणला राहतात. कंप आणि हालचालींतला मंदपणा लिवोडोपा-कार्बिडोपाच्या गोळ्यांनी बऱ्यापैकी आटोक्यात आहे. सध्या काळजी आहे ती चकरेची. घर गरगर फिरल्यासारखे होत नाही, कूस बदलताना त्रास नाही. पण उठून उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते, मान आणि खांदे भरून येतात, आणि खाली बसले की थोड्या वेळात सगळे निवळते.

रक्तदाब नेहमी बसवूनच मोजला जात असल्यामुळे हा सगळा अशक्तपणाच समजला गेला. न्यूरॉलॉजिस्टांनी मात्र पाच मिनिटे आडवे झोपवून आणि मग उभे करून तीन मिनिटांनी मोजला, तेव्हा तो १४८/८४ वरून ११२/६८ वर आला. वरचा दाब २० ने किंवा खालचा १० ने उतरला तरी ती दखल घेण्याजोगी घट असते. उभे राहताना पायांत आणि पोटात उतरणारे रक्त वर राखण्यासाठी रक्तवाहिन्या आवळणारी स्वायत्त मज्जासंस्था या आजारात दुबळी होते, आणि पार्किन्सन्सची औषधेही दाब उतरवतात, असे त्यांनी समजावले. प्रोस्टेटसाठी चालू असलेली टॅमसुलोसिनही त्यात भर घालते, हे तोवर आम्हांला कोणी सांगितले नव्हते. रक्तदाबाची जुनी गोळी त्यांनीच आता कमी केली आहे.

सकाळचे जमले आहे. पलंगाच्या कडेला बसून पावले वर-खाली हलवायची, दोन पेले पाणी लागोपाठ प्यायचे, मगच उठायचे. उभे असताना अंधारी आली तर पिंढऱ्या आणि मुठी आवळून धरायच्या. याचा उपयोग खरोखर होतो.

सर्वांत कठीण वेळ दुपारच्या जेवणानंतरची. गोळी जेवणाआधी रिकाम्या पोटी घ्यावी लागते, त्यामुळे तिचा अंमल आणि जेवणानंतर पोटाकडे वळणारे रक्त यांची गाठ एकाच वेळी पडते. हात धुवायला उठले की बेसिनची कड घट्ट धरून ते तसेच उभे राहतात, चेहरा पांढराफटक पडतो, आणि आईला त्यांना एकटीने सावरता येत नाही. आता हात धुवायला तसराळे ताटाशीच ठेवतो. भात कमी करून जेवण दोनदा विभागून द्यावे असे सुचवले आहे, पण गोळ्यांच्या वेळा सांभाळून हे कोणी बसवले असेल तर दिवसाचे वेळापत्रक कृपया लिहावे.

दुसरा पेच रात्रीचा आहे. आडवे झाल्यावर त्यांचा दाब उलट चढतो, म्हणून दुपारी सपाट झोपू देत नाही, आणि रात्री लघवीचे प्रमाण कमी राहावे म्हणूनही पलंगाची उशाकडची बाजू लाकडी ठोकळ्यांनी उंच केली आहे. मात्र पहाटेपर्यंत ते घसरून पायथ्याशी येतात, आणि तेव्हा गोळीचा अंमल उतरलेला असल्याने स्वतःहून वर सरकता येत नाही. हे घसरणे कोणी कसे थांबवले? लघवीचे भांडे पलंगाशी ठेवले आहे, परंतु त्यांना ते अपमानास्पद वाटते आणि ते अंधारात उठून चालू लागतात. तुमच्या घरच्या ज्येष्ठांनी ते कशामुळे स्वीकारले, हे जाणून घ्यायला फार आवडेल.

उभे राहताना पायांत रक्त उतरू नये म्हणून घालायचे मांडीपर्यंतचे घट्ट दाबमोजे कोकणातल्या दमट हवेत त्यांना सोसवत नाहीत, आणि कंप असलेल्या हातांनी ते चढवणेही अवघड आहे. त्याऐवजी फक्त पोटपट्टा वापरून कोणाला फरक पडला का? तो किती वेळ बांधता?

औषधांची मात्रा मी डॉक्टरांशी बोलूनच ठरवणार आहे. त्याबाबत सल्ला नको. मिडोड्रिन (उभ्याचा दाब टिकवण्यासाठी रक्तवाहिन्या आवळणारे औषध) घेणाऱ्यांनी मात्र शेवटची गोळी आणि झोप यांत किती अंतर ठेवायला सांगितले आहे आणि घरी उभ्याचा दाब कोण, कसा मोजते, हे लिहिले तर पुढच्या भेटीत नेमके प्रश्न विचारता येतील.