पाहुणी म्हणून आलेली कुत्री आणि आपलं शेतघर : अनुभव लिहा

रानजाई

काल माळा झाडायला घेतला. खरं तर पावसाच्या आधीच घ्यायचा असतो, पण यंदा पेरण्या झाल्या तरी माळा तसाच. कणगीमागचं गोणपाट ओढलं तर त्यातून लाल नायलॉनचा पट्टा पडला. बोटभर रुंद, माझ्या मनगटालाही जेमतेम बसेल एवढा. मी शिडीवरच बसले. खालून सासूबाई, "अगं पडलीस का झोपलीस?"

थोडं मागचं सांगते. २०१६ ला पुण्याची नोकरी सोडून आम्ही भोरकडे सासऱ्यांच्या अडीच एकरावर आलो. खाली इंद्रायणी भात, बांधावर तूर, वरच्या तुकड्यात नाचणी, दोन गाई. पाहुणे येतात आणि "काय साधं राहता हो तुम्ही, किती छान" म्हणतात. पैसे कमी असले की आपोआप साधं राहिलं जातं, त्यात आमचं कौतुक काही नाही. पण जागा मात्र भरपूर. त्यामुळे पुण्यातली मैत्रीण, जी रस्त्यावरची अपघातातली कुत्री उचलते, तिने विचारलं, "एकीचा पाय मोडलाय, पंधरा दिवस ठेवशील?" ठेवली. त्या पंधरा दिवसांची आजवर एकतीस कुत्री झालीत. नियम एकच, ठेवून घ्यायचं नाही. बरं करायचं, घर मिळालं की पाठवायचं. हा नियम तीनदा मोडलाय, ते तिघं आत्ता ओट्यावर पसरलेत.

पट्टा २०१९ च्या जुलैमधला. हायवेच्या कडेला खोक्यात सापडलेली तीन पिल्लं, दीडेक महिन्याची. मैत्रीण म्हणाली होती, आधी लस दे. आमची लावणी चालू होती. आवण उपटून पडलेलं, चार बाया सांगितलेल्या, चिखलात गुडघाभर आम्ही. मी म्हटलं लावणी उरकली की तालुक्याला नेऊ. पाचव्या दिवशी एक पिल्लू जेवलं नाही. संध्याकाळपर्यंत उलटी आणि रक्ताची हगवण. तो वास ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. पार्वो.

पंचांगाच्या खिळ्याला सलाईनची बाटली टांगून तीन रात्री पडवीत बसलो. दोन गेली. तिसरं जगलं, साताऱ्यात आहे, चांगलं जाडजूड झालंय. डॉक्टर म्हणाले, पाच दिवसांत दिसलं म्हणजे येतानाच घेऊन आली असतील, लगेच लस टोचली असती तरी वाचली असती असं नाही. मला पटतं, आणि पटत नाहीही. पुढचं ते बोलले ते जास्त लागलं. पार्वोचा विषाणू फिनाईलने मरत नाही, ब्लीच लागतं. आमची पडवी शेणाने सारवलेली, बाहेर सगळी माती. मातीला ब्लीच कसं करणार? वर्षभर तरी इथे पिल्लू आणू नका म्हणाले. तेव्हापासून मोठी, लस झालेलीच घेते. पिल्लाचा फोटो आला की फोन उलटा ठेवते.

तुमच्याकडे कोण कोण येऊन गेलं ते लिहा. कुत्रीच पाहिजेत असं नाही.

---

चकलीभाजणी

सकाळी सकाळी रडवलंस गं. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, भाताची पेज झाली. माझं दुपारी लिहिते.

---

उसातला_वाघोबा

आम्ही जुन्नरकडचे. इकडे कुत्रा पाळणं म्हणजे बिबट्याला आमंत्रण असं लोक म्हणतात आणि खोटं नाही ते. सगळीकडे ऊस, बिबट्या उसातच राहतो, तिथंच पिल्लं घालतो. ऊस तुटला की वस्तीवर. पहिला बळी कुत्रा नाहीतर शेळी. मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो तो शोभेला नव्हे, बिबट्या मान धरतो म्हणून.

माझ्याकडे बहिणीने एक आंधळं कुत्रं पाठवलं होतं. नाव डबा (पोट बघून ठेवलेलं). मी त्याला जुन्या कोंबड्यांच्या खुराड्यात झोपवायचो, वरून पत्रा, चारी बाजूंनी जाळी. एके रात्री मोटर चालू करायला उठलो. रात्रीच उठावं लागतं, थ्री फेज रात्रीचीच असते आमच्याकडे, दिवसा लाईट म्हणजे नुसतं बोलायला. विहिरीवर गेलो आणि डबा जो काय ओरडला. बॅटरी मारली तर काही नाही. सकाळी बघतो तर खुराड्याभोवती चिखलात पंजेच पंजे, गोल फेऱ्या मारलेल्या. म्हणजे मी दोनशे फुटांवर मोटरीपाशी आणि तो इथं. आंधळ्याने वासावर ओळखलं.

त्या दिवसापासून मी बॅटरी आणि काठी दोन्ही घेऊन जातो. लाईटीचं मात्र अजून तसंच.

---

पाटावरवंटा

लाईटीचं बोलू नका, बीपी वाढतं.

रानजाई, सासूबाई आता विरघळल्या असतील ना? आमच्या सासूबाईंनी आधी किती थयथयाट केला, आता त्यांच्याच पायाशी झोपतं.

---

रानजाई

अजिबात नाही :) सगळ्यांना हाच शेवट हवा असतो. आजही उंबऱ्याच्या आत पंजा पडला की केरसुणी. "दारात गाय असावी, कुत्रं नसावं" हे आठवड्यातून एकदा तरी ऐकवतात. पण पहिली भाकरी गाईची आणि शेवटची कुत्र्याची हे त्यांच्या आईकडून आलेलं, ते मोडत नाहीत. पाहुणी सात असली तर शेवटच्या सात भाकऱ्या. प्रेम नाही, शिस्त आहे. मला तीही चालते.

---

माणदेशी_७७

राग आला तरी लिहितो. मागच्या वर्षी उन्हाळ्यात माझ्या चार शेळ्या एका रात्रीत फाडल्या, त्यातली एक गाभण. बिबट्या नाही, कुत्री. पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकतात, त्यावर पोसलेलं पंधरा-वीस जणांचं टोळकं. बिबट्याने मारली असती तर वनखात्याकडून भरपाई तरी मिळाली असती. कुत्र्याने मारली म्हटल्यावर कुणी दारातपण उभं करत नाही. चार शेळ्या म्हणजे माझ्या मुलीची वर्षाची फी हो. तुम्ही बरं करता ते चांगलंच आहे, पण गाडीतून येऊन आमच्या फाट्यावर सोडून जाणारे पण स्वतःला प्राणीप्रेमीच म्हणवतात.

---

रानजाई

दादा, राग का येईल. माझ्याकडची निम्मी कुत्री अशीच फाट्यावर सोडलेली. एक लॅब्रेडॉर तर गळ्यात पट्टा, अंगाला शाम्पूचा वास, आणि गाडी गेली त्या दिशेला बघत दोन दिवस तिथेच बसलेली. शेळ्यांचं वाचून वाईट वाटलं. गाभण होती म्हणजे अजूनच.

---

खोंडकं

मी पशुवैद्य आहे, गुरांचाच जास्त, पण कुत्री येतातच. माणदेशी म्हणतात तो ओढा बंद होत नाही तोवर तुम्ही कितीही कुत्री पकडा, खायला आहे तिथं नवीन येणारच. नसबंदी आणि कचरा, दोन्ही एकत्र लागतं. २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि रेबीजची लस करून कुत्रं परत त्याच जागी सोडायचं असतं, कानाला खाच दिसली की समजायचं याचं झालंय. गावपातळीवर हे करायला माणसं आणि जागा कुठे आहे, हा प्रश्न आम्हालाच विचारू नका.

आणि इथे सगळे भावूक झालेत म्हणून एक सांगून जातो. चावलं, ओरखडलं, जखमेवर चाटलं, पिल्लाने का असेना, लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून. हळद, मिरची, चुना काही भरू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात. इंजेक्शनं त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. जखम खोल असेल तर जखमेत वेगळं औषधही टोचतात, ते विचारून घ्या. दोन घेऊन 'आता बरं वाटतंय' म्हणून सोडणारे बघितलेत मी. रेबीज झाल्यावर औषध नाही.

चला, म्हैस अडलीये, निघतो.

---

चकलीभाजणी

आले. म्हशीचं काय झालं ते सांगा हं डॉक्टर.

माझं असं की मी पाळलं नाही, आईने पाळली. आई वेंगुर्ल्याकडे एकटी असते, माड-पोफळी, थोडे काजू. तिच्याकडे सध्या पाच. पैकी एक बाजारातून तिच्या मागे मागे आलेला, पिशवीतल्या बांगड्यांच्या वासाने. मी फोनवर ओरडले, आई या वयात कशाला. म्हणाली, "तेका जेवूक घातलंय, आता खंय जातलो तो?"

तिचं दुपारचं काम म्हणजे गोचीड काढणं. केरसुणीवर बसते, एका हाताने कान उलटा धरायचा, दुसऱ्या हाताने चिमटा, शेजारी रॉकेलची वाटी. आता रॉकेल मिळत नाही तर साबणाचं पाणी. कानाच्या घडीत, पायाच्या बोटांत, शेपटीखाली, तिला सगळ्या जागा पाठ. फुगलेली राखाडी गोचीड वाटीत पडली की मोजते. एकदा एकशे चौदा. त्याच कुत्र्याला मग ताप, हिरड्या पांढऱ्याफटक, रक्त तपासलं तर गोचीडताप. महिनाभर गोळ्या, बांगड्याच्या डोक्यात लपवून.

एकाच्या कानात अळ्या झाल्या तेव्हा शेजारच्या काकांनी सीताफळाचा पाला वाटून भरला. अळ्या पडल्या खऱ्या पण कान आतून सुजला, शेवटी सावंतवाडीला न्यावंच लागलं. आईचं म्हणणं पाल्यानेच बरं झालं, डॉक्टरने फक्त पैसे घेतले.

---

पाटावरवंटा

केरसुणीवर बसते??

---

चकलीभाजणी

खुर्चीवर गं, हे फोनचं मेलं आपोआप काहीही टाइप होतं. 😂

---

डॅलसची_सुमन

मी शेतावर राहत नाही, इथे टेक्सासमध्ये गावाबाहेर एक एकर आहे, त्यात मेथी आणि भेंडी उगवते हीच माझी शेती. इथल्या शेल्टरमध्ये जागा नसते, म्हणून उत्तरेकडच्या राज्यांत कुत्री पाठवतात. जाईपर्यंत आमच्यासारख्यांच्या घरी. माझ्याकडे आलेल्याला हार्टवर्म होता, म्हणजे डासांमधून शिरलेले जंत हृदयापाशी वाढतात. उपचार इंजेक्शनांचा, पण खरा उपचार म्हणजे त्याला हलू द्यायचं नाही. महिनोन्‌महिने. मेलेले जंत फुप्फुसात अडकू नयेत म्हणून पळणं, उड्या सगळं बंद. दीड वर्षाचा पोरगा, समोर खारी नाचतायत आणि हा पिंजऱ्यात. मी पिंजऱ्याशेजारी चटई टाकून भाजी निवडायचे.

बरा झाला आणि व्हॅनमधून मिनेसोटाला गेला. व्हॅन वळेपर्यंत तो बघत होता का ते मी बघितलंच नाही, आत निघून गेले. तुमचा नियम मी पाळला, रानजाई. तुम्ही तीनदा मोडलात तर मला जास्त बरं वाटलं असं का झालं असेल?

---

उसातला_वाघोबा

ताई पुढच्या वेळी मोडा बिनधास्त.

नावांवरून आठवलं. आमच्या शेजाऱ्याने कुत्र्याचं नाव तलाठी ठेवलं होतं. बोलावलं की येत नाही, आला की खाल्ल्याशिवाय जात नाही. खरा तलाठी एकदा पीक पाहणीला आला आणि नेमका तेव्हा याने हाक मारली, "ए तलाठ्या, बस खाली!" नोंद तीन महिने अडकली.

---

माणदेशी_७७

😂😂 हे मात्र पटलं. आमच्याकडं एकाचं नाव सोसायटी आहे. एकदा दात लावला की सोडत नाही.

---

पिंपळपान२२

सॉरी विषय सोडून विचारते, घाईत आहे. आज पहिल्यांदाच एक पिल्लू घरी आणलंय, पाच-सहा आठवड्यांचं. आम्ही पनवेलच्या पुढे, सासरचं घर आहे, मागे थोडी वाडी. रात्रभर रडतंय. दूध दिलं तर जुलाब झाले. काय करू?

---

चकलीभाजणी

गाईचं दूध नको देऊ, बाधतं. मऊ भात, उकडलेलं अंडं कुस्करून, थोडं थोडं चार वेळा. रडण्याला बाटलीत गरम पाणी भरून जुन्या मोज्यात घालून शेजारी ठेव. ते आई समजून चिकटतं.

---

पाटावरवंटा

आणि पहिले दोन दिवस शेजारी कुणीतरी झोपा. नवऱ्याला झोपव :)

---

रानजाई

पिंपळपान, भात-बाटली सगळं बरोबर आहे. पण आधी लस. उद्या सकाळी दवाखाना उघडला की पहिला नंबर लाव. जुलाब झालेत तर तेही दाखव, दुधानेच झाले असं धरून बसू नको. लस एकदाच नसते, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा पुन्हा, चार महिन्यांचं होईपर्यंत. तारखा भिंतीवर लिहून ठेव. सगळे डोस होईपर्यंत रस्त्यावर खाली ठेवायचं नाही, दुसऱ्या कुत्र्यांत सोडायचं नाही. घरात काहीही चालू असलं तरी. पाहुणे येऊ दे, लग्न असू दे.

---

खोंडकं

+१. म्हैस मोकळी झाली, रेडा आहे, मालक नाराज.

---

पिंपळपान२२

आत्ता मोज्यावर डोकं ठेवून झोपलंय. सकाळी साडेनऊला उघडतो दवाखाना, मी नऊला जाऊन उभी राहते. रानजाईताई, तुम्ही इंद्रायणी विकता का? सासऱ्यांना हवा आहे.

---

रानजाई

विकतो गं, पण नवा दिवाळीनंतर. जुना पंचवीसेक किलो असेल, सासूबाईंना विचारून सांगते, कणगीच्या किल्ल्या त्यांच्याकडे.