बहिणीचं दुसरं लग्न रजिस्टर पद्धतीने: जेवणाला जावं का?

निर्मळकर: चुलत बहिणीचा नवरा दारू पिऊन मारायचा. कोर्टातून घटस्फोट झाला, पण आम्ही कॅथलिक, आणि चर्चच्या ट्रिब्युनलकडे (विवाह मुळात वैध होता का हे ठरवणारं चर्चचं न्यायालय) ती गेलेली नाही. म्हणजे चर्चच्या लेखी पहिला विवाह कायम. पुढच्या महिन्यात ती रजिस्टर लग्न करतेय, संध्याकाळी घरच्यांना जेवण आहे. घरात दोन तट पडलेत. विवाह अतूट आहे हे मी मनापासून मानतो, मुलांनाही तेच सांगतो. तरी म्हणतो, जावं. येशू जक्कय या बदनाम जकातदाराच्या घरी उतरला तेव्हा लोक कुरकुरलेच होते. लुबाडलेलं चौपट परत करण्याची गोष्ट जक्कयने त्यानंतर काढली, आधी नाही.

गिरीजकर: जक्कय बदलला, हे विसरू नका. व्यभिचारात धरलेल्या बाईलाही येशूने ‘मीही तुला दोषी ठरवत नाही’ म्हणून सोडलं आणि यापुढे पाप करू नकोस असं बजावलं. आजकाल पहिलं वाक्य सगळ्यांना पाठ, दुसरं कुणाच्या तोंडी येत नाही. बहीण आजारी पडली तर रात्री-अपरात्री धावून जा. पण लग्नाचं जेवण म्हणजे त्या लग्नाचा आनंद साजरा करणं. तिथे हसून फोटो काढायचे आणि घरी मुलांना विवाह अतूट आहे म्हणून शिकवायचं, हे मला जमणार नाही.

नगरकर: आम्ही प्रोटेस्टंट. बायबलमध्ये मत्तय 19:9 या वचनात घटस्फोटाला जो अपवाद दिलाय, त्यामुळे आमच्याकडच्या बऱ्याच मंडळ्या निर्दोष जोडीदाराला पुन्हा लग्न करू देतात.

गिरीजकर: तो अपवाद व्यभिचारापुरता आहे. दारू आणि मारझोड त्यात कुठे बसते?

बंगलीची: मी घटस्फोटित आहे, दुसरं लग्न केलेलं नाही, त्यामुळे मला कम्युनियन (चर्चच्या उपासनेत मिळणारी पवित्र भाकर) घ्यायला काहीच आडकाठी नाही. तरी पहिल्या वर्षी रांगेत उभी राहिले की मागच्या बाकावर कुजबुज व्हायची. नियम काय आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं! एक म्हातारी शेजारीण मात्र दर रविवारी माझ्याच बाकावर येऊन बसायची, मिस्सा (उपासना) संपल्यावर हात धरून बाहेर यायची. माझ्या घटस्फोटाबद्दल तिचं मत कडकच होतं, तिने ते मला तोंडावर सांगितलंही होतं. गिरीजकर, तिचं ऐकून घ्यावंसं वाटायचं कारण ती शेजारी बसायची.

गिरीजकर: ताई, त्या कुजबुजीचं समर्थन मी कधीच करणार नाही. नवरा मारत असेल तर वेगळं राहायला चर्चचा कायदाही परवानगी देतो. माझा आक्षेप दुसऱ्या लग्नाला आहे, तुमच्या घटस्फोटाला नाही.

वकिलीण: थोडं कायद्याचं. दोन वाटा वेगळ्या आहेत. 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की चर्चने विवाह रद्द ठरवला म्हणून दिवाणी कायद्यात तो सुटत नाही. उलटही तसंच. ट्रिब्युनल नंतरची मारझोड एवढ्यावर निकाल देत नाही, लग्नाच्या वेळी संमतीत खोट होती का ते बघतं. व्यसन आधीपासून होतं आणि लपवलं, असं काही असेल तर बोलायला जागा आहे. चर्चच्या कायद्यातल्या 2015 च्या बदलानंतर विवाह रद्द ठरवायला दुसऱ्या ट्रिब्युनलचा दुजोरा सक्तीचा राहिलेला नाही.

निर्मळकर: व्यसन आधीपासून होतं, गावाला माहीत होतं, आमच्या घरच्यांना कुणी सांगितलं नाही. ट्रिब्युनलकडे जायचं तर बाप्तिस्म्याचा आणि लग्नाचा दाखला काढायला तिच्यासोबत पॅरिश ऑफिसात मी जाईन. पण गिरीजकर, मी आज जेवणाला गेलो नाही तर उद्या ट्रिब्युनलबद्दल ती माझं का ऐकेल? पुनर्विवाहितांना कम्युनियन नाकारणाऱ्या 1981 च्या पत्रातच पोप जॉन पॉल दुसरे यांनी लिहिलंय की त्यांनी स्वतःला चर्चपासून तुटलेलं समजू नये, मिस्साला येत राहावं. दोन्ही गोष्टी एकाच पत्रात आहेत. तिने काय केलं ते मला पटलेलं नाही, तिला ते माहीत आहे, आणि मी जाणार आहे.

गिरीजकर: मिस्साला बोलावणं वेगळं, लग्नाला जाणं वेगळं. आधी ट्रिब्युनल, मग लग्न, एवढं तरी तिला आजच सांगून बघा. अजून महिना आहे.