मेरी सरॅट: लिंकनच्या खुनाच्या कटात सामील, की मुलापायी फासावर?

७ जुलै १८६५ रोजी वॉशिंग्टनमध्ये मेरी सरॅटला फाशी झाली. माझं ठाम मत, तिचा गुन्हा सिद्ध झालाच नव्हता. खटला मुख्यतः दोघांच्या जबानीवर उभा होता: तिच्या घरी भाड्याने राहणारा वाइकमन आणि सरॅट्सव्हिलचा तिचा दारूचा गुत्ता चालवायला घेतलेला लॉइड. दोघेही आधी कोठडीत होते, दोघांनाही स्वतःचा जीव वाचवायचा होता. लॉइडने तर सुरुवातीला कानांवर हात ठेवले होते.

प्रतिसाद १
लॉइड दारुडा होता, मान्य. पण त्याचं म्हणणं वस्तूंशी जुळतं. १४ एप्रिलच्या दुपारी लिंकनचा मारेकरी बूथ तिच्या घरी आला, त्याने दिलेलं पुडकं घेऊन ती वीसेक किलोमीटरवरच्या गुत्त्यावर गेली. पुडक्यात दुर्बीण होती. लॉइडच्या जबानीनुसार ती म्हणाली, ‘बंदुका तयार ठेव, आज रात्री न्यायला येतील.’ त्याच मध्यरात्री, लिंकनना गोळी घातल्यावर, बूथ आणि त्याचा साथीदार हेरॉल्ड तिथे हजर! दुर्बीण आणि एक कार्बाइन (आखूड बंदूक) घेऊन गेले. दुसरी राहिली, कारण बूथचा पाय मोडला होता. इतके योगायोग?

प्रतिसाद २
त्या कार्बाइनी मुलगा जॉनने काही आठवडे आधीच लपवल्या होत्या, तेव्हा बेत लिंकनना पळवून नेण्याचा होता. लिंकन नाटकाला येणार हे बूथला १४ तारखेलाच कळलं. खुनाचं तिला कुणी, कधी सांगितलं? याचा एकही साक्षीदार नाही. ती निघाली होती नॉथी नावाच्या देणेकऱ्याकडची ४७९ डॉलरची थकबाकी वसूल करायला.

प्रतिसाद ३
मग पॉवेलचं काय? खुनाच्याच रात्री परराष्ट्रमंत्री सिवर्डवर सुरा चालवणारा पॉवेल १७ एप्रिलला रात्री अकरानंतर कुदळ घेऊन तिच्या दारात आला, म्हणे गटार खणायला. पोलिसांसमोर तिने देवाची शपथ घेतली की याला कधी पाहिलंच नाही. तो तिच्याच घरी राहून गेला होता.

मूळ लेखिका
तिची नजर अधू होती, तशी साक्षही झाली. आणि न्यायालय कसलं? नऊ लष्करी अधिकारी, फाशीला सहा मतं पुरेशी, आरोपीला स्वतः साक्ष द्यायची मुभा नाही. १८६७ मध्ये जॉनवर याच कटासाठी मुलकी (बिगरलष्करी) न्यायालयात ज्यूरीपुढे खटला चालला तेव्हा ज्यूरीचं एकमत झालं नाही, तो सुटला. तिला तेच न्यायालय मिळालं असतं तर ती जगली असती. नवांपैकी पाच जणांनी तर तिच्यासाठी जन्मठेप मागितली होती!

प्रतिसाद १
मागितली, पण त्या अर्जात कारणं दोनच दिली आहेत: ती स्त्री आहे आणि तिचं वय. पुराव्याबद्दल शंका घेणारा एक शब्द त्यात नाही.